आखेनला शिकायला येताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ऑगस्ट लागला की माझ्या फोनवर तेच प्रश्न यायला लागतात. "ताई, कुकर आणू का?" इथपासून "शनिवार-रविवारात पॅरिस होतं का?" इथपर्यंत. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून बोटं दुखली, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवते. मी पुण्याहून आले, इथल्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला. पैशांचे आकडे २०२६ सालचे आहेत. निघण्याआधी ते एकदा ताडून बघा, कारण ते दर वर्षी सरकतात आणि शक्यतो वरच सरकतात.

आखेन नेमकं कुठे आहे? नकाशावर सापडत नाही.

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, इतकं टोकाला की शहराची बस पकडून नेदरलँड्समध्ये जाता येतं. पलीकडे बेल्जियमही तितकंच जवळ. मोठं शहर म्हणजे कोलोन, साधारण ७० किलोमीटरवर. गावाला विमानतळ नाही. बहुतेक जण फ्रँकफर्ट किंवा ड्युसेलडॉर्फला उतरतात आणि रेल्वेने येतात.

इथे लोक दोन गोष्टींसाठी येतात, विद्यापीठ आणि कॅथेड्रल. विद्यापीठ १८७० सालचं. कॅथेड्रल त्याहून हजारेक वर्षं जुनं, सम्राट शार्लमेनने बांधायला घेतलेलं, आणि त्याला ८१४ मध्ये तिथेच पुरलं. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी काढली तेव्हा तिच्यात जगभरातली फक्त १२ ठिकाणं होती, त्यातलं हे एक. मी पहिले चार महिने त्याच्यासमोरून रोज जात होते आणि आत गेले नव्हते. तुम्हीही तेच करणार आहात.

एक आत्ताच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. या गावाला डच लोक आकेन म्हणतात आणि फ्रेंच लोक एक्स-ला-शापेल. तसंच लिएज या बेल्जियन शहराला जर्मन पाटीवर ल्युटिख लिहिलेलं असतं. ब्रसेल्सच्या स्टेशनावर मी आखेनची गाडी शोधत उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत एक्स-ला-शापेलची गाडी सुटली.

महिन्याला किती पैसे लागतात?

व्हिसासाठी ब्लॉक खात्यात, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. हा सरकारचा अंदाज आहे आणि आखेनपुरता तो बऱ्यापैकी खरा निघतो. म्युनिकला गेलेल्या मैत्रिणीला विचारलंत तर ती हसेल.

सगळ्यात मोठा घास भाड्याचा. त्याखालोखाल आरोग्य विमा, दर महिना दीडशेच्या आसपास. या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण दर सहामाहीला तीनशे युरोंच्या वर एक वर्गणी भरावी लागते. ती भरताना जीव तुटतो, मात्र त्यातच प्रवासाचं तिकीट येतं. त्याबद्दल पुढे बरंच लिहिलंय.

आणखी एक खर्च कोणी सांगत नाही. घरात टीव्ही असो वा नसो, रेडिओ-टीव्हीचं शुल्क प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावं लागतं. पत्र आलं की "आमच्याकडे टीव्हीच नाही" असं उत्तर लिहू नका. मी लिहिलं होतं, गूगलवरून भाषांतर करून, फार नम्रपणे. काही उपयोग होत नाही. शुल्क घरामागे आहे, माणसामागे नाही. चौघं एकत्र राहत असाल तर एकाच्या नावावर लावा आणि वाटून घ्या.

खोली भारतातूनच ठरवू का?

विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेश मिळाला त्याच दिवशी करा. प्रतीक्षायादी सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेपेक्षा लांब असते. नाही मिळालं तर दोघा-चौघांनी मिळून घेतलेलं घर, ज्याला इथे सगळे व्हेगे म्हणतात. त्यात आपली खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक.

जाहिरातीत काल्ट असेल तर नुसतं भाडं आणि वार्म असेल तर हीटिंग-पाण्यासकट, एवढं आधी कळून घ्या. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याहून जास्त मागता येत नाही.

आणि घर न बघता, करार न करता, "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअर करतो" म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. माझ्या बॅचच्या एका मुलाने पाठवले. तो पहिले तीन आठवडे माझ्या ओळखीच्या एका दादाकडे गादी टाकून झोपत होता.

आल्या आल्या काय काय करावं लागतं?

पत्ता नोंदवायचा. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत जाऊन आनमेल्डुंग करायचं असतं आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. या एका नोंदणीवर बँक, कर क्रमांक, राहण्याचा परवाना अशी सगळी आगगाडी जोडलेली असते. इंजिनच हललं नाही तर मागचे डबे कुठून हलणार? मालकाकडून तो कागद किल्लीबरोबरच मागून घ्या.

परवान्याचं कार्ड हातात यायला वेळ लागतो. व्हिसा संपायच्या पुरेसं आधी अर्ज करा. हे फिरण्याच्या प्रश्नाशीही जोडलेलं आहे.

आई विचारतेय, बॅगेत काय भरू?

काकू, कुकर द्या. छोटा, तीन लिटरचा, आणि दोन जादा रिंगा. इथे मिळतो, पण महाग आणि शिट्टी नसलेला. शिट्टीवरून आठवलं. पहिल्यांदा मी डाळ लावली तेव्हा तिसऱ्या शिट्टीला शेजारची जर्मन मुलगी धावत आली. तिला वाटलं, गॅसगळतीचा भोंगा वाजतोय. आता तीच शिट्ट्या मोजते आणि चार झाल्या की ताट घेऊन येते.

गोडा मसाला, हिंग, कोकम, मेतकूट, भाजणी, लोणचं नीट बंद करून. पोळपाट द्या, लाटणं इथे मिळतं. तूप, पेढे, बर्फी देऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन संघाबाहेरून सामानात आणायला बंदी आहे. बाकरवडी चालते. तूप इथे घरी कढवता येतं, बिनमिठाचं लोणी प्रत्येक दुकानात असतं.

स्वेटर दोनच. जाड कोट इथेच घ्यावा, तोही जुना चालतो. पुण्याच्या हिवाळ्याच्या हिशेबाने घेतलेली जॅकेटं इथे नोव्हेंबरात हात टेकतात. त्यापेक्षा चांगले वॉटरप्रूफ बूट आणा, कारण आखेनचा खरा त्रास थंडीचा नाही, पावसाचा आहे. कोकणातल्यासारखा धो-धो पडून मोकळा होणारा पाऊस नव्हे. दिवसभर भुरभुरत राहणारा, छत्री उघडावी की नको हे ठरूच न देणारा.

रोज खायचं काय?

दुपारी मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ. विद्यार्थ्यांसाठी दर स्वस्त आहे आणि शाकाहारी ताट रोज असतं. चव मात्र मिठाच्या पुढे जात नाही. चटणीची डबी खिशात ठेवणारे बरेच जण आहेत, लाजू नका.

रात्री घरी. भारतीय दुकान आहे, पण सगळं तिथूनच घ्यायची गरज नाही आणि परवडतही नाही. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, वांगी, हरभरा, मसूर तुर्की दुकानात मोठ्या जुड्यांत आणि मोठ्या पिशव्यांत मिळतं. पोहे आशियाई दुकानात. रवा साध्या सुपरमार्केटमध्ये ग्रीस नावाने असतो. त्यातला वाइखवाइत्सनग्रीस म्हणजे मऊ गव्हाचा घ्या, शिरा उत्तम होतो.

कणकेचं मात्र कोडं आहे. पिठाच्या पिशवीवर आकडा असतो. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, त्याची पोळी थंड झाली की चामडं. १०५० आकड्याचं पीठ घेऊन त्यात थोडं सालासकटचं मिसळलं की पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. हे मला कळायला अख्खं एक सेमिस्टर गेलं.

आणि श्रीखंड! इथे क्वार्क नावाचा प्रकार मिळतो, म्हणजे आपला आयता चक्का. पंच्यात बांधून खुंटीला टांगायची भानगड नाही. डब्यावर ४० टक्के लिहिलेला घ्या, मागर म्हणजे बिनस्निग्ध घेऊ नका. पिठीसाखर, वेलदोडा, केशराच्या दोन काड्या, झालं. बुटरमिल्ख म्हणजे ताक, त्याची कढी होते. पाडव्याला आम्ही बारा जणांना श्रीखंड-पुरी घातली. पुऱ्या तळताना धुराचा अलार्म दोनदा वाजला. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी उघडा, हा क्रम उलटा करू नका.

रविवारी सगळं बंद असतं हे खरं का?

खरं. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, सगळं. काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात, बाकी शुकशुकाट. शनिवारी संध्याकाळी दूध संपलंय हे लक्षात आलं नाही तर सोमवारपर्यंत कोरा चहा. रविवारी वॉशिंग मशीनही जपून लावा, ड्रिल तर नकोच, आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाकीत टाकायलासुद्धा त्या दिवशी मनाई असते. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत शांतता, हा नियम रोजचाच.

पण आखेनकरांकडे पळवाट आहे. फाल्स हे डच गाव बसने पाऊण तासाच्या आत येतं आणि तिथली सुपरमार्केट रविवारी उघडी असतात. कोथिंबीर विसरली म्हणून परदेशात जाऊन येणं हा अनुभव पुण्यात सांगून कोणाला पटत नाही.

दुकानं बंद असली की लोक करतात काय? चालायला जातात. सगळे, आजी-आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत. आमच्याकडे त्यासाठी लाउसबेर्ग टेकडी आहे. तिची गोष्ट अशी. कॅथेड्रल बांधताना पैसे संपले, तेव्हा लोकांनी सैतानाकडून कर्ज घेतलं. बदल्यात नव्या देवळात जो पहिला पाऊल टाकेल त्याचा आत्मा द्यायचा होता. ऐन वेळी लोकांनी आत एक लांडगा सोडला. चिडलेला सैतान गाव गाडून टाकायला वाळूचं पोतं घेऊन निघाला. वाटेत एक म्हातारी भेटली. "आखेन किती लांब?" म्हणाला. तिने पायातले झिजलेले जोडे दाखवले आणि म्हणाली, "हे आखेनला नवे घेतले होते रे बाबा." सैतानाने वैतागून पोतं तिथेच ओतलं, तीच ही टेकडी. मला ही म्हातारी आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीची सख्खी बहीण वाटते.

बाटल्या परत द्यायच्या म्हणजे काय?

पाण्या-कोल्ड्रिंकची बाटली घेताना तिच्यावर अनामत आकारतात. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली किंवा डबा असेल तर २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला साधारण ८. सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते आणि बिलातून वजा होते. महिनाअखेरीला खोलीतल्या बाटल्यांवर दोन दिवसांची भाजी येते. बाटली चेपू नका, यंत्राला पट्टी वाचता येत नाही.

वर्ग कसे असतात? हजेरी?

हजेरी बहुतेक ठिकाणी नाही, आणि सापळा तिथेच आहे. ऑक्टोबर ते जानेवारी कोणी विचारत नाही, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम परीक्षा. बहुतेक विषयांत तीनच संधी असतात आणि तिसऱ्यांदा गेलं तर अभ्यासक्रमातून बाहेर. परीक्षेची नोंदणीही स्वतःच करायची असते. तारीख गेली की गेली. कारकुनाला भेटून "सर, बघा ना" चालत नाही.

गुण उलटे. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. आईला २.३ मिळाले हे सांगताना आधी पद्धत समजवा.

वेळापत्रकात दहाच्या पुढे सी.टी. लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, एस.टी. लिहिलं असेल तर ठोक्याला. आपल्याला एस.टी. म्हणजे लाल डबा आणि उशीर. इथे अर्थ नेमका उलटा. तास संपला की मुलं टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी टकटक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, प्राध्यापकांना हुसकावून लावतायत.

जर्मन येत नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. चालेल ना?

वर्गात चालेल. घरमालक, डॉक्टर, महापालिका, तिकीट तपासनीस आणि शेजारच्या आजी यांच्याशी चालणार नाही. पुण्यात मॅक्स म्युलर भवन असताना न शिकता येणं हा आळस आहे, असं मला आता वाटतं. तेव्हा मीही तोच केला होता. निदान ए-टू, म्हणजे भाषेची दुसरी पायरी, करून या.

काम करता येतं का?

परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो. पहिल्या सेमिस्टरला काम धरू नका. प्रोफेसरांच्या विभागात हिवीचं, म्हणजे विद्यार्थी सहायकाचं काम मिळालं तर सोनं. रात्रपाळीच्या गोदामात उभं राहून मिळवलेले पैसे आणि त्यापायी राहिलेला विषय, हा हिशेब मी एका जवळच्या मित्राच्या बाबतीत पाहिलाय. तो तोट्यात गेला.

प्रवासाचं तिकीट नक्की कुठे कुठे चालतं?

हाच खरा खजिना. सहामाही वर्गणीतून मिळणारं तिकीट देशभर चालतं. सर्वसाधारण लोकांना हेच डॉइशलांड-तिकीट २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंना पडतं. २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालं तेव्हा ४९ होतं. आपल्याला सवलतीत मिळतं.

चालतं ते बस, ट्राम, मेट्रो आणि आरई, आरबी, एस या अक्षरांच्या प्रादेशिक गाड्यांत. आयसीई आणि आयसी या लांबच्या वेगवान गाड्यांत चालत नाही. गाडी समोर उभी आहे, जायचंय त्याच गावाची आहे, म्हणून चढू नका. आधी अक्षरं वाचा. बिनतिकीट सापडलात तर ६० युरो. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य तपासनिसाने दिवसातून चाळीस वेळा ऐकलेलं असतं.

सीमेपलीकडे साधारणपणे चालत नाही. आखेनहून मास्ट्रिख्तमार्गे लिएजला जाणारी एकच गाडी तीन देशांतून जाते, पण आपलं तिकीट शेवटपर्यंत चालत नाही. पुढचं वेगळं काढा. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग हा एक गोड अपवाद आहे, तिथल्या स्टेशनापर्यंत हे तिकीट नेतं.

मग शनिवार-रविवारी कुठे जायचं?

लोकांना यादी हवी असते. मी यादी देत नाही, मी काय केलं ते सांगते.

पहिले दोन महिने फक्त तिकिटात बसेल तिथे गेले. कोलोन तासाभरात. स्टेशनाबाहेर पडलं की कॅथेड्रल अंगावरच येतं, १५७ मीटर उंच. दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत. सिंहगड चढणाऱ्याला काही वाटत नाही, पण गोल जिना अरुंद आणि उतरणारे-चढणारे एकाच वाटेने, त्यामुळे खरा व्यायाम पोट आत घेण्याचा होतो. बॉनला बीथोव्हेनचं जन्मघर. ड्युसेलडॉर्फला जपानी वस्ती, तिथे रामेनचा वाडगा घेऊन बसायचं. मोन्शाउ नावाचं आयफेलच्या डोंगरातलं गाव तर बसने जाता येतं. काळ्या पाटीच्या दगडांची छपरं, लाकडी चौकटींची घरं, मधून खळाळती नदी. डिसेंबरात तिथे नाताळचा बाजार भरतो. आखेनचा बाजारही प्रसिद्ध आहे, पण त्या गर्दीत तुळशीबाग आठवते.

नंतर सीमा ओलांडायला लागले. मास्ट्रिख्त मला सगळ्यात आवडतं. युरोपियन संघाचा करार १९९२ मध्ये तिथेच झाला. जुन्या डोमिनिकन चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान थाटलंय, मूळ कमानींच्या खाली तीन मजली कपाटं. मी तिथे एका पावसाळी शनिवारी चार तास होते आणि एक पोस्टकार्ड घेतलं. लिएजला गियोमां स्टेशन बघा. सांतियागो कालात्राव्हाने बांधलेलं हे स्टेशन २००९ मध्ये उघडलं. काचेची आणि पोलादाची एवढी मोठी लाट की गाडी पकडायची विसरायला होतं. तिथला साखरेच्या खड्यांचा वॉफल उभ्याने खायचा, गरम असताना.

आणि तीन देशांचा बिंदू. फाल्सच्या वरच्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका खांबापाशी भेटतात. ३२२ मीटर उंचीवर आहे. युरोपातल्या नेदरलँड्सचा हा सर्वांत उंच भाग आहे, हे ऐकून आमच्या ग्रुपमधला सातारचा मुलगा बराच वेळ हसत होता. इथे एकेकाळी चार हद्दी भेटत. जस्ताच्या खाणीवरून भांडण मिटेना म्हणून १८१६ मध्ये मधला एक तुकडा कोणाचाच नाही असं ठरवलं, त्याचं नाव तटस्थ मोरेनेट. पहिल्या महायुद्धानंतर तो बेल्जियमला जाईपर्यंत शंभर वर्षं तसाच राहिला. १९०८ च्या सुमारास तिथल्या काही उत्साही लोकांनी एस्पेरांतो ही मुद्दाम बनवलेली भाषा राजभाषा करून स्वतंत्र देशच काढायचं ठरवलं होतं. आता तिथे मक्याचं शेत आणि बेल्जियन गाव आहे. त्या भागातले बेल्जियन लोक जर्मन बोलतात, म्हणजे तुमची ए-टू परदेशातही चालेल.

एका वीकेंडमध्ये तीन देश "कव्हर" होतील का?

आखेनला दुपारी दोन तासांत होतात, वर बघा.

तुम्हाला ते विचारायचं नाहीये हे मला माहीत आहे. तुम्हाला ॲमस्टरडॅम-ब्रसेल्स-पॅरिस दोन रात्रींत हवंय. मीही केलं. रात्रीच्या बसने गेले, पहाटे पाचला उतरले, सगळं बंद, थंडी, पाठीवर सामान, स्टेशनाच्या बाकावर बसून पोळीचा रोल. ब्रसेल्सच्या शू करणाऱ्या पोराच्या प्रसिद्ध पुतळ्यासमोर गर्दीत उभी राहिले, तो निघाला जेमतेम हातभर उंच. फोटो काढला आणि पुढच्या बसकडे पळाले. त्या तीन शहरांपैकी मला नीट आठवतो तो बाक. त्यापेक्षा ज्या मास्ट्रिख्तला मी नऊ वेळा गेले तिथला चीजवाला मला ओळखतो. देश मोजायचे असतील तर मोजा, तुमचे पैसे. पण सोमवारच्या सकाळच्या तासाला जागं राहायचंय हेही मोजा.

पॅरिस तरीही करायचंच आहे.

करा, पण तीन दिवस काढून. आखेनहून थेट वेगवान गाडी आहे. आधी तिकीट काढलं तर परवडतं, ऐन वेळी नाही. बस स्वस्त आणि दुप्पट वेळ.

तुमचं वय २६ च्या आत असेल आणि हातात युरोपातला राहण्याचा परवाना असेल, तर लूव्हरला प्रवेश फुकट आहे. यासाठी नागरिकत्व लागत नाही, रहिवास पुरतो. भारतातून आलेल्या पर्यटकाला पूर्ण तिकीट पडतं, तुम्हाला शून्य. कार्ड बरोबर ठेवा आणि वेळ आधी आरक्षित करा. पंचविसावा वाढदिवस होऊन गेला असेल तर सव्विसाव्याच्या आत उरका.

सीमेवर पासपोर्ट लागतो का? शेंगेनमध्ये तपासणी नसते ना?

शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवण्याचा करार केलेले युरोपीय देश. तिथे नसते म्हणतात, पण असते. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून सर्व जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि रात्रीच्या बसमध्ये पोलीस चढून टॉर्च मारतात. मूळ पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही हवं. फोनमधला फोटो चालत नाही. फाल्सला कोथिंबीर आणायला जातानासुद्धा.

परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपियन संघात नाही, त्यामुळे मोबाइलचं रोमिंग तपासा, नाहीतर एका व्हिडिओ कॉलमध्ये महिन्याचा मोबाइल खर्च. इंग्लंड आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, वेगळा व्हिसा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं. कार्डाऐवजी हातात तात्पुरता कागद, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, असेल तर त्यावर रहिवास कायद्याच्या ८१ व्या कलमाचं कोणतं उपकलम खुणावलंय ते बघा. चौथं असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. तिसरं असेल तर देशाबाहेर पडू नका, परत येताना अडकाल. एका मुलीचं प्रागचं हॉस्टेल, बस, सगळं बुक होतं आणि आदल्या रात्री हे लक्षात आलं. तिने ते दोन दिवस माझ्या खोलीत पत्ते खेळून काढले.

गाड्या वेळेवर असतात ना? जर्मनी आहे शेवटी.

हा प्रश्न कोणत्याही जर्मन माणसाला विचारा आणि त्याचा चेहरा बघा. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडायची, एवढा एक नियम पाळा. काही गाड्या वाटेत तुटून दोन होतात, पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. घोषणा जर्मनमध्ये होते. मी हेडफोन लावून मागच्या डब्यात बसले होते आणि अंधारात एका अनोळखी स्टेशनावर उतरले. डब्यावरची पाटी वाचा, फलाटावरची नव्हे.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. आजीला आधी सांगा, नाहीतर ती तासभर फोन हातात धरून बसते.

हिवाळ्यात फार उदास वाटतं म्हणतात.

वाटतं. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, आणि दिवसभर तो होता याचाही पुरावा नसतो. मी पहिल्या जानेवारीत तीन आठवडे नीट जेवत नव्हते आणि घरी "सगळं मस्त" सांगत होते. दुपारच्या उजेडात रोज अर्धा तास बाहेर चाला, कोणाबरोबर तरी जेवा. नाहीच जमलं तर विद्यार्थी सेवा संस्थेची मोफत समुपदेशन सेवा आहे, इंग्रजीतही बोलतात. मी गेले होते.

जूनमध्ये उलट, रात्री पावणेदहापर्यंत उजेड. वेस्टपार्कात जेवणाचे डबे घेऊन बसायचं.

गणपती, दिवाळी?

गणपती शाडूचा, विसर्जन बादलीत. नदीत किंवा तळ्यात करू नका. उदबत्ती अलार्मखाली लावू नका. दिवाळीला सुट्टी नसते आणि फराळ आदल्या शनिवारी होतो, चकल्या हमखास मोडतात. आपल्या लोकांना शोधावं लागत नाही, बसमध्ये कोणीतरी "अगं थांब ना" म्हणतंच.

इथला सण म्हणजे कार्निव्हल. फेब्रुवारीच्या आसपास मोठी माणसंसुद्धा वेश बदलून रस्त्यावर, रथावरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात. उलटी छत्री धरली की महिन्याची चॉकलेटं गोळा होतात.

आई-बाबांना बोलवायचंय.

मे ते सप्टेंबरात बोलवा. शेंगेन व्हिसाचं शुल्क माणशी ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यांच्या बँकेची कागदपत्रं त्यांनी द्यावीत. विद्यार्थ्याच्या उत्पन्नावर हमीपत्र मिळणं कठीण असतं.

माझे आले होते तेव्हा मी त्यांना पॅरिसला नेलं, लूव्हरला नेलं, कोलोनच्या पायऱ्यांपाशी नेलं. बाबा खालीच बसले. शेवटच्या रविवारी फाल्सवरून तीन देशांच्या खांबापाशी गेलो. बाबांनी चपला काढल्या आणि खांबाला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. तीन देश, परत जर्मनी, परत तीन देश. पाच झाल्या तेव्हा एका डच आजोबांनीही त्यांच्यामागे चालायला सुरुवात केली.

फाल्सहून वर जायला चढ आहे, तरुणांना पाऊण तास. गुडघे दुखत असतील तर दीड तास धरा आणि चहाचा थर्मास न्या. वर कॉफी मिळते, पण बाबांच्या भाषेत ती कडू पाणी आहे.